धेंपो परत येईल का? गोव्याच्या फुटबॉलमधील एका साम्राज्याचा उदय, पाडाव आणि अर्धे पुनरागमन

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. संपूर्ण गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे. त्याच जनगणनेत तिथे १४ लाख ५८ हजार माणसे मोजली गेली. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याच्या जेमतेम निम्म्या वस्तीचा तो प्रदेश. त्या एवढ्याशा प्रदेशातील क्लबांनी २००६-०७ ते २०१२-१३ असे सलग सात हंगाम भारताचे राष्ट्रीय फुटबॉल विजेतेपद गोव्याबाहेर जाऊ दिले नाही.

या सातपैकी चार विजेतेपदे एकट्या धेंपो स्पोर्ट्स क्लबची. २००४-०५ चे धरले तर एकूण पाच. इंग्रजी वर्तमानपत्रांमुळे आपल्याकडे हे नाव 'डेम्पो' असे वाचले जाते; गोव्यातील मराठी वृत्तपत्रे मात्र पूर्वीपासून 'धेंपो' असेच छापत आली आहेत.

पाचव्या विजेतेपदानंतर अवघ्या तीन वर्षांत हा क्लब देशाच्या अव्वल लीगमधून खाली घसरला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धांतून स्वतःहून बाहेर पडला. २०२४ मध्ये तो आय-लीगमध्ये परतला, तेव्हापासून गोव्यातील फुटबॉलप्रेमींचा जुना वाद पुन्हा पेटला आहे. जुने वैभव परत येईल काय? कोणी मालकांच्या थैलीकडे बोट दाखवतो, कोणी अकादमीतील मुलांकडे, तर कोणी परदेशी गोलवीराकडे. वाद रंगतदार आहे, पण त्यात इतिहासाचा एक धागा बहुधा सुटतो. धेंपो मोठा कशामुळे झाला होता, हे ठरल्याशिवाय तो पुन्हा मोठा होईल का, हे कसे ठरणार?

गोव्यातील फुटबॉलचा आरंभ साधारणपणे १८८३ पासून सांगतात. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या धर्मगुरूंनी बार्देश तालुक्यातील शिवोली येथे हा खेळ आणला, अशी नोंद आहे. सत्ता पोर्तुगिजांची असली तरी खेळ आणणारा आयरिश होता. पुढे चर्चच्या शाळा, गावोगावची मैदाने आणि संतांच्या फेस्तांच्या निमित्ताने होणारे सामने यांतून तो विशेषतः सासष्टी आणि बार्देशात रुजला.

पैसा आला खाणींतून. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिजाची गरज भासू लागली आणि गोव्याच्या डोंगरांतील माती मांडवी-झुवारीच्या पात्रांतून बार्जने मुरगाव बंदराकडे वाहू लागली. या व्यापारातून काही गोमंतकीय घराणी प्रबळ झाली. साळगावकरांचा क्लब १९५६ चा, म्हणजे गोवा मुक्तीच्याही आधीचा. धेंपोचे मूळ डिचोलीतील एका क्लबात. साठच्या दशकात वसंतराव धेंपो यांच्या उद्योगसमूहाचे नाव त्याला मिळाले. हाच समूह मराठी वाचकांना 'नवप्रभा' या दैनिकामुळे परिचित आहे.

ही व्यवस्था नीट समजून घ्यायला हवी, कारण आजच्या वादातील बराचसा गोंधळ ती विसरल्यामुळे होतो. क्लब कंपनीचा, पण तिकिटांच्या उत्पन्नावर तो कधीच जगत नव्हता. अनेक खेळाडूंना कंपनीत नोकरी मिळे. सामना हरला तरी महिनाअखेर पगार होई, आणि खेळ सुटल्यावर काय, हा प्रश्न निदान काही जणांपुरता तरी सुटलेला असे. मुंबईत टाटा, मफतलाल, महिंद्र यांचे संघ याच पद्धतीने चालले. १८९१ पासून मुंबईत खेळला जाणारा रोव्हर्स चषक ही या संघांची कसोटी होती, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस धेंपोने तोही जिंकला. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक साळगावकरकडे होता. १९८८ आणि १९८९ चे फेडरेशन चषक साळगावकरने गोव्यात आणले. धेंपोला मात्र राष्ट्रीय लीगच्या विजेतेपदासाठी पुढच्या शतकाची वाट पाहावी लागली.

ते शतक उजाडताना, २००० मध्ये, आर्मांदो कुलासो धेंपोचे प्रशिक्षक झाले. भारतीय फुटबॉलमध्ये एकाच माणसाने एकाच संघाला तेरा वर्षे घडवावे, हे आज अविश्वसनीय वाटते. त्या काळातही ते नेहमीचे नव्हते. महेश गवळी आणि समीर नाईक बचावात, क्लायमॅक्स लॉरेन्स मध्यभागी, क्लिफर्ड मिरांडा डाव्या बाजूने. सगळे गोव्याचे. त्यांच्या पुढे ब्राझीलचा बेटो चेंडू वाटायचा आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स तो जाळ्यात धाडायचा. या संघाचा कणा वर्षानुवर्षे बदलला नाही. अशी माणसे बरोबर असताना डावपेच समजावून सांगण्यात फार वेळ जात नसावा.

त्या उत्कर्षाच्या उंबरठ्यावर एक मृत्यू आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो कोसळला, पुन्हा उठला नाही. धेंपोने सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्याचे. क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. मैदानावर वैद्यकीय मदत किती तत्पर होती, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला. त्याच हंगामात धेंपोने पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद मिळवले. गोव्यात त्या विजेतेपदाची आठवण निघाली की क्रिस्तियानोचे नावही आपोआप निघते.

त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर कोण होते, हे चाहत्यांच्या वादात सहसा येत नाही. गोव्याचाच स्पोर्टिंग क्लब. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय लीगचे आय-लीग झाले, तेव्हा पहिल्याच हंगामात धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स यांचे गुण समसमान होते; मुकुट धेंपोला मिळाला. २००८-०९ चर्चिल, २००९-१० धेंपो, २०१०-११ साळगावकर, २०११-१२ धेंपो, २०१२-१३ पुन्हा चर्चिल. चार क्लब, एक छोटे राज्य, फातोर्ड्याचे एक सामायिक मैदान. खेळाडू लहानपणापासून एकमेकांना ओळखणारे. आज या संघात, उद्या त्या. धेंपोला चॅम्पियन बनवणारी सर्वांत मोठी गोष्ट धेंपोच्या मालकीची नव्हतीच. ती होती शेजारच्या तीन क्लबांची स्पर्धा. वर्षभर घरच्या अंगणातच देशातील सर्वोत्तम संघांशी झुंजावे लागत असेल, तर बाहेरचा प्रवास त्या मानाने सोपा वाटणार.

२००८ मध्ये धेंपोने एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. लेबनॉनच्या सफा संघाने तिथे वाट अडवली. तोवर आशियाई पातळीवर इतकी मजल भारतीय क्लबांना फारशी परिचित नव्हती.

आता पाडावाकडे. या ठिकाणी एक लोकप्रिय स्पष्टीकरण तपासून पाहणे आवश्यक आहे. 'खाणी बंद झाल्या, म्हणून क्लब बुडाले' असे सर्रास म्हटले जाते. सप्टेंबर २०१२ मध्ये न्या. शहा आयोगाच्या अहवालानंतर गोवा सरकारने खाणकाम स्थगित केले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, आणि त्यानंतर गोव्याचे क्लब एकामागून एक ढासळले, हा घटनाक्रम खरा आहे. परंतु मागून आले म्हणून ते त्यामुळेच आले, असे मानणे हा इतिहासलेखनातील सर्वांत जुना सापळा. धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता, सुमारे १,७५० कोटी रुपयांना. त्यानंतरही क्लबने २०१० आणि २०१२ ची विजेतेपदे जिंकली. खाणबंदीने गोव्यातील एकूण पैशाचा ओघ आटला आणि इतर मालकांवर ताण आला, हे मान्य. धेंपोपुरते मात्र ते कारण अपुरे पडते.

मैदानावरची कारणे साधी होती. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये ३२ गोल करणारा रँटी त्या हंगामानंतर कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. गवळी-नाईक-लॉरेन्स यांची पिढी थकली होती. २०१३ मध्ये कुलासोही गेले आणि त्याच वर्षी ईस्ट बंगालच्या बाकावर दिसले. अशा वेळी संघ दोन-चार वर्षे खाली जातो, नवी पिढी येते, पुन्हा वर येतो. जगभर असेच घडते.

पण नेमक्या त्याच वर्षांत भारतीय फुटबॉलच्या शिडीच्या पायऱ्या काढून घेतल्या जात होत्या.

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. शहरांचे संघ, दूरचित्रवाणीवरचा झगमगाट, विदेशी नावे. आणि प्रवेश गुणांनी नव्हे, शुल्काने. गोव्याच्या वाट्याला एफसी गोवा आला. त्याच्या पहिल्या मालकांत व्हिडिओकॉनबरोबर दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो होते. म्हणजे जुन्या दोन क्लबांची घराणी नव्या संघाच्याही मुळाशी होती. फातोर्ड्याचे जे स्टेडियम आय-लीगच्या दुपारच्या सामन्यांना ओस पडे, ते एफसी गोव्याच्या रात्रीच्या सामन्यांना भरून वाहू लागले. यात मालकांचा दुटप्पीपणा पाहणारे चाहते आहेत. तो आरोप घाईचा वाटतो. उद्या जी लीग अव्वल ठरणार हे दिसत होते, तिच्यात गोवा नसता तर याच चाहत्यांनी त्यांना अधिक कठोर शब्दांत झोडपले असते.

२०१४-१५ चा आय-लीग हंगाम या साऱ्या कहाणीतील सर्वांत विचित्र पान आहे. अकरा संघांच्या तक्त्यात धेंपो शेवटून दुसरा होता. तळाशी होता पुण्याचा भारत एफसी, कल्याणी समूहाचा नवा कोरा संघ. पण थेट प्रवेश घेतलेल्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलायचे नाही, असा नियम होता. त्यामुळे शेवटचा वाचला आणि पाच वेळचा राष्ट्रीय विजेता खाली गेला. ज्याला वाचवले, त्या भारत एफसीने त्याच एका हंगामानंतर आपला गाशा गुंडाळला.

धेंपोने यावर जे केले, ते जुन्या रीतीला शोभणारे होते. क्लब दुसऱ्या श्रेणीत खेळला आणि २०१५-१६ मध्ये ती स्पर्धा जिंकून एका वर्षात परतीचा हक्क कमावला. इथे गोष्ट संपायला हवी होती.

संपली नाही, कारण २०१६ च्या उन्हाळ्यात महासंघाने नवा आराखडा मांडला: आयएसएल देशाची अव्वल लीग, आय-लीग तिच्याखाली. म्हणजे धेंपोने घाम गाळून जी पायरी परत मिळवली, तीच एक मजला खाली उतरवण्यात येत होती, आणि वरच्या मजल्याला जिना नव्हता. साळगावकर व स्पोर्टिंग यांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. पुढे धेंपोही बाहेर पडला. चर्चिल ब्रदर्स तेवढा राष्ट्रीय पातळीवर राहिला.

हा निर्णय योग्य होता का, यावर गोव्यात आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, स्वाभिमान राखला. दुसऱ्याचे म्हणणे असे की मिझोरामच्या ऐझॉल एफसीने त्याच २०१६-१७ मध्ये आय-लीग जिंकून साऱ्या देशाला चकित केले. मैदान सोडले नसते तर धेंपोलाही काही सांगता आले असते. दुसऱ्या तटाचे पारडे जड वाटते. निषेधाचा परिणाम महासंघावर फारसा झाला नाही. गोव्यातील अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांवर मात्र झाला. पूर्वी चार क्लबांच्या मिळून शंभराच्या आसपास जागा राष्ट्रीय लीगमध्ये असत. त्या आता दोन संघांवर आल्या, आणि एफसी गोव्यात तर देशभरच्या खेळाडूंशी स्पर्धा. सासष्टीतील एखाद्या गावच्या मुलाने वडिलांना 'मी फुटबॉलच खेळणार' असे सांगावे, याला पूर्वी जो व्यावहारिक आधार होता, तो गेला.

इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचे उदाहरण इथे उपयोगी पडते. १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन वर्षे युरोपियन चषक जिंकणारा हा क्लब १९९९ मध्ये प्रीमियर लीगमधून घसरला, २००५ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीगमध्ये परतायला त्याला २३ वर्षे लागली. पण त्या २३ वर्षांत प्रत्येक ऑगस्टमध्ये चाहत्याला ठाऊक असे की यंदा पुरेसे सामने जिंकले तर एक पायरी वर जाता येईल. भारतात २०१६ नंतर आय-लीगचा विजेता सात वर्षे वर जाऊ शकत नव्हता. २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या पुढाकाराने ठरलेल्या आराखड्याप्रमाणे हे दार २०२३ मध्ये प्रथम उघडले, आणि पंजाबचा संघ गुणांच्या बळावर आयएसएलमध्ये गेला. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग गेला.

दार उघडल्यावर धेंपोने पुन्हा वाट धरली. २०२३-२४ च्या आय-लीग २ मध्ये दुसरा क्रमांक मिळवून क्लब २०२४-२५ साठी आय-लीगमध्ये आला. नऊ वर्षांनंतर. प्रशिक्षक होते समीर नाईक, तेच सुवर्णकाळातील बचावपटू. संघात स्थानिक मुलांचा भरणा. पहिल्याच वर्षी घसरण टाळली; दिल्ली एफसी आणि एससी बंगळुरू खाली गेले, धेंपो टिकला.

मग हे पुनरागमन म्हणायचे का? यवतमाळच्या वाचकांना 'शकुंतला' आठवत असेल. यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरोगेज गाडी ब्रिटिश कंपनीने कापूस वाहण्यासाठी घातली. ती बंद पडल्यापासून पुन्हा सुरू करण्याची मागणी होत राहते. पण रुळांवर गाडी धावणे ही एक गोष्ट, आणि ज्या कापूस व्यापाराने तिला जन्म दिला तो त्याच वाटेने परतणे ही दुसरी. पहिली मागणी आंदोलनाने, निधीने पूर्ण होऊ शकते. दुसरीसाठी एक संपूर्ण काळ परत आणावा लागेल.

धेंपोच्या बाबतीत पहिली गोष्ट बऱ्याच अंशी घडली आहे. अकादमी आहे, मालकांची इच्छा दिसते, वर जाण्याचा रस्ता निदान कागदावर आहे. आयएसएलमध्ये धेंपो कधीतरी दिसणे अशक्य कोटीतले नाही. दुसरी गोष्ट मात्र एका क्लबच्या हातची नाही. कंपनीची नोकरी आणि फुटबॉल यांचे लग्न मोडले आहे. उत्तम गोमंतकीय खेळाडू आता विशीतच देशभर विखुरतो, आणि त्यात त्याचे भलेच आहे. क्लिफर्ड मिरांडाचे पाहा: २०२३ मध्ये त्याने प्रशिक्षक म्हणून सुपर चषक जिंकला, तो ओडिशा एफसीसाठी. साळगावकर आणि स्पोर्टिंग त्या उंचीवर नाहीत, तोवर धेंपोने विजेतेपद मिळवले तरी ते २००५ सारखे नसेल. त्या वर्षी दुसरा क्रमांकही गोव्यातच राहिला होता.

शिवाय ज्या शिडीवर हे सारे अवलंबून आहे, तिचीच खात्री नाही. २०२४-२५ च्या आय-लीगचा शेवट गुणांच्या वादात अडकला. एप्रिल २०२५ मध्ये महासंघाने चर्चिल ब्रदर्सला विजेता घोषित केले, चषकही दिला. १८ जुलै रोजी क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवला आणि विजेतेपद इंटर काशीला दिले. त्याच महिन्यात, पंधरा वर्षांच्या त्या करारापुढे काय, हे न ठरल्यामुळे आयएसएलचा नवा हंगामच लांबणीवर पडला. २०२३ मध्ये स्थापन झालेला वाराणसीचा क्लब अव्वल लीगचा हक्कदार ठरला, आणि दोन वेळचा राष्ट्रीय विजेता चर्चिल ब्रदर्स खालच्याच पायरीवर उरला, त्या पायरीवर नुकताच परतलेल्या धेंपोच्या शेजारी.